वकीलबाईंचं गप्प बसणं

वकीलबाई काही वकील नव्हत्या. कोर्टाची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती. पण शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या लांबट दुकानात गिऱ्हाईक शिरलं की बोलायचं ते बाईंनीच. मशीन कधी मिळेल ते त्या सांगणार, उशीर का झाला त्याची कारणं त्या देणार, आणि "तुम्ही वेळेवर तेल घालत नाही, मग हे असंच व्हायचं," अशी उलटतपासणीही त्याच घेणार. मागे टेबलाशी मान खाली घालून बसलेले त्यांचे यजमान, म्हणजे मिस्त्री, फार तर मान हलवणार. गिऱ्हाइकाने थेट त्यांना विचारलं तरी उत्तर पुढून, काउंटरवरूनच यायचं. कुणीतरी एकदा म्हणालं, मिस्त्रींनी वकील लावलाय वाटतं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंनाही ते मनातून आवडत असणार, कारण त्यांनी कधी कुणाला टोकलं नाही, आणि न आवडलेलं ऐकून घेण्यातल्या त्या मुळीच नव्हत्या.

आता मिस्त्री घुमे होते असं कुणी समजू नये. ते बोलायचे, पण ओठांनी. दोघांची ओळखच मुळी तयार कपड्यांच्या कारखान्यातली. तिथे मशीनांच्या रांगाच्या रांगा, आणि आवाज असा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी फुकट. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, ओठ तेवढे नीट हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. बाई कॉलरी शिवायच्या आणि मिस्त्री बिघडलेल्या मशीनपाशी पाना घेऊन यायचे. लग्नाचं त्यांनी असंच, दोन रांगांपलीकडून विचारलं. मधल्या चौघीजणींनी ते वाचलं आणि माना वळवून बाईंकडे बघत बसल्या, त्यामुळे नाही म्हणायची सोयच उरली नाही, असं बाई सगळ्यांना सांगायच्या.

पुढे स्वतःचं दुकान झालं. मागे मिस्त्रींची मोटर कायम चालू, पुढे रस्त्याची वर्दळ, तेव्हा ती सवय तशीच राहिली. बाई काउंटरवरून मान वळवून ओठ हलवणार, मिस्त्री तिकडून वाचणार. भांडणही तसंच व्हायचं. ते हाताबाहेर जातंय असं दिसलं की बाई स्टूल गर्रकन फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसत. पाठ फिरली की ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसत नाहीत म्हणजे बोलणं बंद. मग मिस्त्रींना मुकाट्याने मोटर थांबवून चहा करावा लागे आणि कप घेऊन पुढे यावं लागे. तो कप हातात पडल्याशिवाय बाई वळायच्या नाहीत.

तर एका दुपारी मिस्त्री एका मशीनला तेल घालत होते आणि तेलाची कुपी हातातून निसटली. उजवा हात थडथड उडायला लागला आणि ते खुर्चीतून खाली कोसळले. शुद्धीवर आले, चालायला लागले, पण तपासणीत निघालं ते भलतंच. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता. जन्मापासूनचा. इतकी वर्षं निमूट होता, आणि आता त्यातून थोडं रक्त पाझरलं होतं.

सर्जनबाई फार न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एरवी जोराने येणारं रक्त आधी बारीक बारीक जाळीत शिरतं, तिथे त्याचा दाब ओसरतो, आणि मग ते शांतपणे परत जातं. मिस्त्रींच्या त्या जागी मधली जाळीच नव्हती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाहिन्या सरळ एकमेकींत गुरफटल्या होत्या, आणि जाणाऱ्यांच्या पातळ भिंतींना तो जोर सोसत नव्हता. कधी फुटतील सांगता येत नाही. कदाचित वर्षानुवर्षं नाही, कदाचित पुढच्या आठवड्यात.

त्या चित्राकडे बघत मिस्त्री पहिल्यांदाच बोलले. "सुईखाली... दोरा," ते म्हणाले. सुईखालच्या पट्टीत दोरा गुंतून बसतो तसं, हे बाईंनी लगेच पुरं केलं. सर्जनबाई म्हणाल्या, अगदी तसंच, आणि तो ओढून काढता येत नाही. रक्त आणणाऱ्या वाहिन्या एकेक करून आधी बंद करायच्या, मग परतीच्या, आणि मग तो अख्खा उचलायचा. अर्धा काढून अर्धा ठेवला तर काही न करण्यापेक्षाही वाईट. म्हणजे काढायचा तर पुरता, नाहीतर हात लावायचा नाही.

अडचण एवढीच होती की तो गुंता बोलण्याच्या जागेला खेटून बसला होता. म्हणून ऑपरेशनच्या मध्यात मिस्त्रींना जागं करायचं ठरलं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, असं सर्जनबाईंनी सांगितलं तेव्हा बाईंनी मिस्त्रींचा हात घट्ट धरला. मिस्त्रींना एकेक चित्र दाखवायचं, त्यांनी त्याचं नाव सांगायचं, आणि तेवढ्यात सर्जनबाई मेंदूवर एकेका ठिकाणी अगदी हलका विजेचा स्पर्श करून बघणार. स्पर्श झाला आणि शब्द अडला, की ती जागा बोलण्याची. तिथे खूण ठेवायची आणि तिकडे फिरकायचं नाही.

ह्या तयारीसाठी थेरपिस्ट होती, बोलणं तपासणारी. तरुण, हसरी मुलगी. तिच्याकडे चित्रांच्या कार्डांचा जाड गठ्ठा होता. मिस्त्री तिच्यासमोर बसले आणि बाई तिच्या मागे, भिंतीला लावलेल्या खुर्चीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या झटक्यानंतर मिस्त्रींचे शब्द अडायला लागले होते. "ते... ते हे," असं म्हणून ते थांबायचे, आणि पुढचा शब्द बाई हातात ठेवल्यासारखा देऊन टाकायच्या. परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला की बाबा कामात आहेत, बाबांनी विचारलंय तू कशी आहेस, बाबा म्हणाले जावईबापूंना सांभाळून गाडी चालवायला सांग. सगळं बाईच बोलायच्या. किती शब्द गेलेत हे मिस्त्रींना धड माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर बाईंनाही नव्हतं, कारण शब्द अडायच्या आधीच तो त्यांच्या तोंडून गेलेला असायचा.

पहिलं कार्ड शिडीचं निघालं. मिस्त्रींनी सांगितलं. कुलूप, सांगितलं. मग छत्री आली आणि मिस्त्री थांबले. त्यांनी नजर उचलली, इतकी वर्षं उचलत आले तशी, थेरपिस्टच्या खांद्यावरून पलीकडे, आणि बाईंचे ओठ हलले. "छत्री," मिस्त्री म्हणाले. मग कासव. मग करवत. थेरपिस्ट खूष होऊन खुणा करत होती. बाईंनी आधी काही ठरवलं नव्हतं, पण पाचसहा कार्डांनंतर त्या चक्क पुढे सरकून बसल्या, म्हणजे मिस्त्रींना नीट दिसावं. आपण नवऱ्याला मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं. शब्दच नाहीत असं दिसलं तर डॉक्टर ऑपरेशनच करणार नाहीत, ही भीतीही मनात होतीच. काही दिवसांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही तेच. बाहेर पडल्यावर कॉपी करून पास झालेल्या पोरांसारखे दोघे एकमेकांकडे बघून हसले, आणि बाई म्हणाल्या, बघा, वकील लावल्याचा फायदा.

हे अंगाशी आलं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

मिस्त्री वॉर्डात दाखल झाले होते, लेक आली होती, आणि सर्जनबाई थेरपिस्टला बरोबर घेऊन शेवटचं समजावून सांगायला आल्या. त्या म्हणाल्या, जी चित्रं काकांना नक्की येतात तेवढीच आपण आत वापरणार. म्हणजे एखादं चित्र चुकलं की त्याचा अर्थ एकच, माझा स्पर्श बोलण्याच्या जागी पडला. तिथे मी जाणार नाही. आणि अशा खुणा गुंत्याच्या चहूबाजूंनी पडल्या, तर मी काही न करता परत बंद करून बाहेर येईन.

बाईंनी चाचरत विचारलं, आणि समजा, एखादं चित्र त्यांना मुळात येतच नसलं म्हणून चुकलं तर?

"तसं नाही होणार, काकू," थेरपिस्ट हसून म्हणाली. "न येणारी चित्रं आम्ही आधीच बाजूला काढतो. काकांच्या गठ्ठ्यातून तर काही काढावंच लागलं नाही."

लेकीने कौतुकाने बापाच्या पाठीवर थाप मारली. बाईंना सगळं एका क्षणात लख्ख दिसलं. आत छत्रीचं चित्र येणार, मिस्त्री अडणार, आणि सर्जनबाई तिथे खूण ठेवणार. कासव येणार, तिथे खूण. करवत, खूण. जिथे काही नाही तिथेही खुणाच खुणा, आणि मधे तो गुंता जसाच्या तसा. डोकं उघडून पुन्हा शिवून टाकणार, आणि तो टपून बसलेलाच राहणार. हे सगळं कुणी केलं, तर आपण.

पण माणूस एकदम कबूल होतो का? बाईंनी आधी दुसरा उपाय करून पाहिला. लेक जेवायला खाली गेली तशा त्या मिस्त्रींच्या खाटेवर बसल्या आणि त्यांची घोकंपट्टी घ्यायला लागल्या. अहो, पावसात डोक्यावर काय धरतो? मिस्त्री विचार करत राहिले. बाईंनी ओठ दाबून धरले होते, अगदी पांढरे पडेपर्यंत. मिस्त्रींनी हात उघडून मिटून दाखवला, छत्री उघडावी तसा, पण शब्द आला नाही. मग बाईंनी सांगितला, त्यांनी म्हटला, आणि जरा वेळाने विचारला तेव्हा पुन्हा गायब. असं चार शब्दांचं झालं. किती शब्द गेलेत ते बाईंना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना रडू आवरेना.

मिस्त्रींना त्यांच्या रडण्याचं कारण कळलं नाही. त्यांनी बाईंचा हात थोपटला आणि शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "आत... तू समोर उभी राहा. मग... येतं मला."

म्हणजे त्यांना वाटत होतं की बाई आत असणार! ऑपरेशनच्या टेबलापाशी, समोर, ओठ हलवत. ते त्या भरवशावरच इतके निवांत होते. बाईंनी सांगितलं, मला आत येऊ देणार नाहीत, आणि हे आता डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली, नाही. दाराकडे बोट दाखवलं, जिकडून लेक गेली होती तिकडे, आणि पुन्हा मान हलवली. आपल्याला शब्द येत नाहीत हे लेकीला कळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जन्मभर त्यांनी बायकोकडे तसं काहीच मागितलं नव्हतं.

बाई उठल्या. मिस्त्रींनी त्यांचा पदर धरायचा प्रयत्न केला, तो हातातून सुटला. इतकी वर्षं नवऱ्याचं वकीलपत्र घेतलेली ही बाई पहिल्यांदाच त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला निघाली होती.

थेरपिस्टची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. लहानशी, कोपऱ्यात लहान मुलांसाठी खेळण्यांची टोपली, बेसिनचा नळ ठिबकणारा. ती उद्याचीच कार्डं लावत बसली होती.

"त्यांना सगळी चित्रं येत नाहीत," बाई दारातूनच म्हणाल्या. "मी सांगत होते."

कधी, तिने विचारलं. दोन्ही वेळा, बाई म्हणाल्या, तुमच्या पाठीमागून. मुलीला ते खरंच वाटेना. खोलीत आवाज तर नव्हता. मग बाईंनी तिथेच उभं राहून आवाज न काढता ओठ हलवून दाखवले. थेरपिस्ट बघत राहिली आणि म्हणाली, मला तर काहीच कळलं नाही. तुम्हाला नाही कळणार, त्यांना कळतं, बाई म्हणाल्या. तेवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात जराशी शेखी होतीच.

मुलगी रागावली नाही. तिने हातातली कार्डं खाली ठेवली. मग म्हणाली, "काकू, हे तुम्ही आज सांगितलं नसतंत तर..." आणि थांबली. दुसऱ्याचं अर्धं वाक्य पुरं केल्याशिवाय चैन न पडणाऱ्या बाईंनी ह्या वेळी ते तसंच राहू दिलं.

ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जनबाईंनी बाईंकडे एकदा रोखून पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की बरं झालं वेळेवर कळलं. लेकीने मात्र सोडलं नाही. कॉरिडॉरमध्ये भिंतीशी उभी राहून ती म्हणाली, "आई, फोनवर इतके दिवस मला वाटत होतं मी बाबांशी बोलतेय. मी तुझ्याशीच बोलत होते." एवढं बोलून ती बापाकडे निघून गेली, आणि त्यानंतर आईशी बोलेनाशी झाली.

नवी तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. मिस्त्री आत, बाई बाहेर. दाराला वर काचेची पट्टी होती. बाईंनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवतं थोडंच! त्यांनी डोकावलं आणि नेमकी त्याच वेळी मिस्त्रींनी नजर उचलली. पुढ्यात कुठलंसं कार्ड होतं. मिस्त्रींच्या डोळ्यांत ती जुनी विनवणी होती, आणि बाईंच्या ओठांना तर चाळाच लागलेला. शब्द अगदी दातांशी आला होता. बाईंनी सरळ पाठ फिरवली. काचेकडे पाठ करून त्या खोलीचं दार उघडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, आणि आत आपला माणूस एकटा अडखळतोय हे त्यांना त्या पाठीतून जाणवत राहिलं.

बाजूला काढलेल्या कार्डांचा गठ्ठा ठेवलेल्यांपेक्षा जाड झाला. एवढ्यावर भागणार नाही असं थेरपिस्टला वाटलं, म्हणून तिने घरातल्या, दुकानातल्या रोजच्या वस्तूंचे फोटो मागवले. लेक जाऊन मोबाइलवर काढून आली. बॉबिन, शटल, पट्टा, पाना, तेलाची कुपी. ती बहुतेक सगळी नावं मिस्त्रींनी न अडता सांगितली. पण बाईंशी ते एक अक्षर बोलले नाहीत, ना आवाजाने ना ओठांनी. जेवण समोर ठेवलं तर जेवले, गोळ्या दिल्या तर घेतल्या, आणि कूस बदलली. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना नेलं तेव्हा बाई ट्रॉलीबरोबर दारापर्यंत चालत गेल्या. तिथे त्या ओठांनी म्हणाल्या, मी इथेच आहे. पण मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे ते कुणी वाचलंच नाही.

बाहेर खुर्च्यांच्या रांगेत दोघी मायलेकी बसल्या. सकाळ सरली. बाईंना भीती वाटत होती, साधी, उघडी भीती, आणि ती त्यांनी कुणावर चिडून झाकलीही नाही. बराच वेळ झाल्यावर लेकीने विचारलं, काय पुटपुटतेयस? बाई म्हणाल्या, काही नाही. पण ओठ चाललेच होते. शिडी, कुलूप, पाना, बॉबिन. आत आता त्यांना जागं केलं असेल, आत आता एकेक चित्र निघत असेल, आणि बाई बंद दारापलीकडून सांगत सुटल्या होत्या. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. लेकीने तो हात काढून आपल्या हातात घेतला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मायलेकींचा दोन दिवसांचा अबोला तिथे संपला.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा दुपार उलटून गेली होती. गुंता निघाला होता. पुरता. काका बोलत होते, त्या म्हणाल्या, एकाच बाजूला अडले, आणि तिथे मी गेले नाही. बाकी सगळीकडे वाट मोकळी होती. मग जरा थांबून त्यांनी हेही सांगितलं की आधीच्या गठ्ठ्यावर मी आत गेले असते, तर बहुधा तशीच परत आले असते. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पण एवढ्यावर सगळं मिटतं थोडंच? सूज येते, त्यामुळे बोलणं काही दिवस अगदी बंदही पडू शकतं, असं आधीच सांगितलेलं होतं. तसंच झालं. मिस्त्री जागे झाले, डोक्याला पट्टी, हातापायांत जोर चांगला, सांगितलं ते ऐकत, पण तोंडातून शब्द फुटेना. सिस्टर फेरीला आली की पेन दाखवून विचारायची, काका, हे काय? स्वतःचं नाव सांगा बरं. मिस्त्री पेनाकडे बघायचे आणि मग त्यांची नजर बाईंकडे वळायची.

थेरपिस्टने बजावलं होतं, काकू, कितीही वेळ लागू दे, त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या. बाईंचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. गप्प बसणं म्हणजे आवाज न काढणं, हे त्यांना जमलं असतं. पण ओठांचं काय करणार? म्हणून सिस्टर पेन काढायला लागली की बाई उठायच्या आणि खाटेकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. खाली वाहनतळ होता. तिथल्या गाड्या बघत त्या मूग गिळून उभ्या राहत, आणि मागे शांतता पसरलेली असे. सिस्टर म्हणे, असू दे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाई रात्री लेकीला म्हणाल्या, मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते आणि मला वाटतं, गेले ह्यांचे शब्द कायमचे, आणि मी त्यांना शेवटचा दिलासाही देत नाहीये. आणि माझ्यावर रागावले होते ते रागावलेलेच राहिले.

त्यानंतरच्या सकाळी सिस्टर जरा घाईत होती. पेन सापडेना, म्हणून तिने खिडकीशी उभ्या असलेल्या बाईंकडेच बोट केलं आणि विचारलं, "बरं काका, ह्या कोण आहेत?"

बाईंनी खिडकीची चौकट धरली. खाली एक गाडी जागा शोधत गोल गोल फिरत होती. ती फिरली, थांबली, त्यातून माणसं उतरली. मागे मिस्त्रींचा श्वास ऐकू येत होता. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. मग पुन्हा काही नाही. सिस्टरने बहुधा कागद मिटला, कारण तसा आवाज झाला.

"रुसलीय," मिस्त्री म्हणाले.

काय म्हणालात, सिस्टरने विचारलं. लेक खुर्चीतून उठली होती.

"ती... अजून रुसलीय," मिस्त्री म्हणाले. आवाज घोगरा होता आणि प्रत्येक शब्दाला धाप लागत होती, पण तो त्यांचा होता. कुठल्याही कार्डावरचा नव्हता आणि कुणी सांगितलेलाही नव्हता. "तिला... चहा द्या."

लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. सिस्टरला काहीच कळेना, ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. वकीलबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ साठलं होतं. पण त्या वळल्या नाहीत. अजून काही बोलतात का बघू, असं मनाशी म्हणून त्या तशाच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.